वरची ओळ वाचणारे तारअप्पा

माझ्या पहिल्या मुलीच्या जन्माची तार आली, तेव्हा मुलगा झाला की मुलगी हे कळण्याआधी ती तार नाशिकहून किती वाजता निघाली हे मला कळलं होतं. याचं सगळं श्रेय आमचे शेजारी तारअप्पा यांचं.

शिपायानं तार हातात दिली. शाळेत दिवसभर इंग्रजी शिकवणारा मी, पण त्या कागदाची घडी काही मला उलगडेना. ओट्यावर बसलेल्या अप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि सावकाश वाचायला सुरुवात केली, "नऊ पस्तीसला दिली. इथं पोचली साडेअकराला. म्हणजे मध्ये कुठंतरी तासभर पडून होती."

"अप्पा, मुलगा की मुलगी?"

"थांबा हो मास्तर. वरची ओळ आधी. मजकूर काय पळून जातोय?"

मजकूर पळून जात नव्हता, पण माझा जीव जायची वेळ आली होती. शेवटी "मुलगी, दोघी सुखरूप," एवढं ते म्हणाले आणि परत त्या हरवलेल्या तासाकडे वळले. संध्याकाळपर्यंत त्यांनी माझे पेढे खाल्ले आणि मधल्या त्या अनोळखी तारमास्तराला यथेच्छ शिव्या घातल्या.

अप्पांनी आमच्या गावच्या तारघरात तीस वर्षं काढली होती. गाव तसं लहानच. सुरतेकडून येणारी गाडी नवापूर सोडून पुढं आली की लागणारं. बाजाराच्या दिवशी पार धडगावकडची माणसं चारोळी आणि डिंक घेऊन यायची, तेवढीच काय ती वर्दळ. तारघर म्हणजे एक खोली, एक यंत्र, एक शिपाई आणि अप्पा. मी पस्तीस साली गावात बदलून आलो तेव्हा ते निवृत्त होऊन घरी बसले होते. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पण रिकामे मात्र मुळीच नव्हते. ते महायुद्धाची कारणं शोधत होते.

चौदा सालचं महायुद्ध मुळात का झालं, याचा शोध विलायतेत मोठमोठे इतिहासकार घेत होते आणि पश्चिम खानदेशात आमचे अप्पा. एक गोरा साहेब बदलून जाताना सामान विकून गेला, त्यात अप्पांना दोन जाड पुस्तकं मिळाली. बाकीची त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून कुणाकुणाच्या हातून मागवली. लढाई पेटल्याबरोबर एकेका सरकारनं आपल्या वकिलातींच्या तारा छापून पुस्तकं काढली होती. इंग्रजांचं निळं, जर्मनांचं पांढरं, फ्रेंचांचं पिवळं, रशियाचं नारिंगी. रंग वेगळे, सांगणं एकच : सुरुवात आम्ही केली नाही.

"सगळे मजकूर वाचतात आणि भांडतात," अप्पा मला सांगायचे. "अरे, वरची ओळ वाचा ना! तार दिली केव्हा, पोचली केव्हा, माणसाच्या हातात पडली केव्हा. याचं उत्तर आलं नाही म्हणून तो चिडला. पण याला प्रश्न तरी मिळाला होता का?"

त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं आखलेले सहा रकाने होते. व्हिएन्ना, बेलग्रेड, बर्लिन, पीटर्सबर्ग, पॅरिस, लंडन. डाव्या बाजूला तास. कुठल्या राजधानीत कुठली तार कितीला शिरली हे त्यात बारीक अक्षरात मांडलेलं. एका सरकारनं स्वतःच्या पुस्तकातून दोन तारा गुपचूप गाळल्या होत्या, त्या दुसऱ्याच्या पुस्तकात सापडल्या, तिथं अप्पांनी दोन मोठ्या फुल्या मारल्या होत्या. घरमालक दरवर्षी दिवाळीला चुना घेऊन यायचा आणि अप्पा त्याला पीटर्सबर्गचं कोडं सुटेपर्यंत थांब म्हणून परत पाठवायचे.

सगळ्यात आवडती गोष्ट त्यांनी मला निदान वीसदा सांगितली असेल. जर्मनीचा बादशहा आणि रशियाचा झार नात्यातले. लढाई तोंडावर आली असताना दोघांनी एकाच वेळी एकमेकांना तारा केल्या आणि त्या वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या. "म्हणजे बघा," अप्पा म्हणायचे, "दोघंही हात पुढं करतायत आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा उत्तर देत नाही." हे सांगताना ते दरवेळी इतके हळहळायचे की ती तार परवाच त्यांच्या यंत्रावरून गेली असावी असं वाटे.

मुंबईच्या एका प्रोफेसरांना त्यांनी एकदा सात पानी पत्र लिहिलं होतं. उत्तरादाखल एक कार्ड आलं, 'आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे.' ते कार्ड देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागं उभं केलेलं मी पाहिलंय. बाळकृष्णाला रोज फूल मिळे आणि कार्डाला त्यातलीच एक पाकळी.

हे सगळं युरोपापुरतं राहिलं असतं तर गावाची काही तक्रार नव्हती. पण अप्पा तीच पद्धत गल्लीतल्या भांडणांना लावायचे. ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली म्हणून युद्ध झालं, असं शाळेच्या पुस्तकात छापलं होतं आणि त्या वाक्यावर अप्पांचा फार राग होता. "युवराज हे निमित्त. कारण वेगळं. कारण नेहमी मागं लपून बसतं." त्यामुळं कोणी कसलीही तक्रार घेऊन आलं की अप्पा म्हणायचे, "हा तर तुमचा युवराज झाला. कारण सांगा."

एकदा गल्लीतली सखूबाई तणतणत आली. "अप्पा, त्या शेजारनीनी बकरी मन्ह्या मिरच्या खाई गई!"

"बकरी हा युवराज. कारण काय?"

"कारन काय म्हंजे? बकरीले भूक लागनी व्हती!"

अप्पांनी हार मानली नाही. दोन दिवस दोन्ही घरांत बसून त्यांनी चौकशी केली आणि कारण शोधून काढलं. तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, सखूबाईनं शेजारणीच्या माहेरी आलेल्या लेकीला झोक्यावर बोलावलं नव्हतं. ही गोष्ट दोघीही विसरून गेल्या होत्या. अप्पांनी आठवण करून दिल्यामुळं ते भांडण आणखी आठ दिवस चाललं.

मला त्यांची एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे त्यांचा अभिमान. "तीस वर्षांत माझ्या हातून एक तार शिळी झाली नाही," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी यायचंच. माणसाकडं मिरवायला एवढी एकच गोष्ट असली की तो ती फार वेळा मिरवतो. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, झालं यांचं सुरू.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात सुगनशेटच्या घरची मंडळी अप्पांच्या ओट्याशी आली. हस्तीमलशेट आणि सुगनशेट हे सख्खे मारवाडी भाऊ. बाजारात दोघांची दुकानं समोरासमोर, थोरल्याचं किराण्याचं, धाकट्याचं कापडाचं. आणि दोघांत एकवीस वर्षं बोलणं नाही. हस्तीमलशेटकडं कोणी धोतरजोडी कुठं मिळेल असं विचारलं तर ते त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवत, पण समोर बोट करत नसत. हे गावाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी त्याबद्दल विचारतही नसे.

आता सुगनशेटच्या मुलीचं, केसरचं, लग्न ठरलं होतं. चार दिवसांत पत्रिका छापायला धुळ्याला जायची होती आणि तिच्यात सगळ्यात वर घरातल्या थोरल्याचं नाव घालायचं की नाही, हा प्रश्न होता. सुगनशेट नाही म्हणत होते. केसर रडत होती. तिची आई डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "अप्पा, तुम्ही जर्मनीनं भांडन पाही ऱ्हायनात, आम्हनं बी जरा पाहा ना. मन्ही पोरना डोकावर तिना मोठा बापना हात नको का?"

अप्पांचे डोळे चमकले. एवढं जुनं, एवढं मुरलेलं भांडण त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मला मात्र बकरी आठवली.

अप्पा आधी कापडाच्या दुकानात गेले, मग किराण्याच्या. दोन्ही वेळा मी त्यांच्यासोबत होतो, कारण टिपणं घ्यायला माणूस हवा असा त्यांचा आग्रह. हकीकत अशी होती. चौदा सालच्या पावसाळ्यात सुगनशेट मारवाडात आईकडं गेले होते. आई अचानक आजारी पडली. "मी त्याच रोजले तार करी," सुगनशेट सांगत होते, "आनि हाऊ भाऊ तिना जीव गया, मंग उना."

हस्तीमलशेट म्हणाले, "तार गुरुवारले हातमां पडनी आनि तासभरमां मी गाडीमां बसनू. त्यानी तारच उशिरा करी. आनि दारमां उभा ऱ्हाईसन माले म्हने, आते उनास का?" 'आता आलास का,' या एका वाक्यावर एकवीस वर्षं गेली होती.

बाहेर पडल्यावर अप्पा खुशीत होते. "मास्तर, दोघंही खरं बोलतायत. दोघंही खरं बोलत असतील तर खोटं मध्ये कुठंतरी पडलंय. कागद सापडला पाहिजे."

कागद होता. हस्तीमलशेटनी ती तार आईच्या जपमाळेसोबत एका डबीत जपून ठेवली होती. तेव्हा त्यांच्या मुनीमानं फक्त मजकूर वाचून दाखवला होता, 'आई अत्यवस्थ, ताबडतोब या.' त्यानंतर तो कागद कोणी उलगडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता अप्पांनी दोघा भावांना आपल्याकडं बोलावलं. दोघं आले हेच नवल. केसरच्या आईनं काय केलं ते तिलाच ठाऊक. हस्तीमलशेट व्हिएन्नाच्या रकान्याखाली बसले आणि सुगनशेट दाराशी, रस्त्याकडं तोंड करून. मी मधे. अप्पांनी डबी उघडली, तार उलगडली, चष्मा पुसला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

आणि ते बोट तिथंच राहिलं.

मला वाटलं अक्षर पुसट झालं असेल. थोड्या वेळानं ते म्हणाले, "चहा टाकतो," आणि कागद घेऊन आत गेले. अप्पांनी कागद वाचायचा सोडून चहा टाकला, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागोमाग गेलो.

ते विझलेल्या चुलीपाशी उभे होते. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. तार मारवाडातून मंगळवारी सकाळी दिलेली होती. आमच्या गावी पोचली मंगळवारीच, संध्याकाळी पाच दहाला. खाली यंत्रावरून तार उतरवून घेणाऱ्याची सही होती. ती वळणदार सही मी त्यांच्या टिपणवह्यांवर रोज बघत होतो.

"गुरुवारी मिळाली त्यांना," अप्पा म्हणाले. "गुरुवारी संध्याकाळी म्हातारी गेली. मंगळवारी मिळाली असती तर ते पोचले असते, मास्तर." मग त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "इंग्लंड लढाईत उतरलं तो दिवस."

मी हलक्या आवाजात बोलायला लागलो. मला त्यांची दया आली होती आणि घाईही झाली होती. म्हटलं, अप्पा, बाहेर जाऊन सांगा की युद्धामुळं तार अडकली. दोघं भाऊ खरे ठरतात, भांडण मिटतं, पत्रिका छापायला जाते. सरकारी तारांनी खाजगी तारा थांबवल्या हे खोटं थोडंच आहे? ती सही कोणाची हे त्यांना वाचता येत नाही. तुमचं नाव कशाला मधे?

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी शाळेच्या पुस्तकातलं ते वाक्य म्हणून दाखवलं होतं.

"मास्तर, हा युवराज झाला," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

बाहेर जाऊन ते बसले नाहीत. कचेरीत साहेबापुढं राहावं तसे उभे राहिले. आधी त्यांनी दोघा भावांना वेळा वाचून दाखवल्या. सुगनशेटनी तार त्याच दिवशी केली होती, हस्तीमलशेट ती मिळताच निघाले होते. मग म्हणाले, "तार दोन दिवस माझ्या टेबलावर होती. सरकारी तारांची रांग लागली होती, हे खरं. एकुलता शिपाई तळोद्याकडं गेला आणि तापीच्या पुरात पलीकडं अडकला, हेही खरं. पण शेटजी, तुमचं दुकान तारघरापासून पाचशे पावलांवर. मी स्वतः उठून आलो असतो तर चाललं असतं. मी उठलो नाही. यंत्रावर लढाई येत होती, अन् ती मला ऐकायची होती. नंतर विसरूनही गेलो. मी चुकलो."

मला वाटलं, आता हस्तीमलशेट उठतील आणि काहीतरी भयंकर बोलतील. ते उठलेही. पण अप्पांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते दाराशी बसलेल्या भावापाशी गेले, त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि आपल्या घरच्या भाषेत त्यांनी विचारलं, "माँ काईं केवती ही?" आई काय म्हणत होती, एवढंच. एकवीस वर्षांत हे विचारायचं राहून गेलं होतं.

सुगनशेटनी रस्त्याकडचं तोंड भावाकडं वळवलं. मग ते म्हणाले, "केवती ही, बारणो खुल्लो राखो."

दार उघडं ठेवा, म्हणत होती. हस्तीमलशेटनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि ते लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग दोघं भाऊ एकमेकांना धरून उठले आणि बाजाराच्या रस्त्यानं निघून गेले. गल्लीतली झाडून सगळी माणसं दारात येऊन बघत होती. चहा टाकायचा राहूनच गेला. डबी सुगनशेटनी उचलून नेली होती, तार मात्र तिथंच राहिली.

पत्रिका धुळ्याला गेली, सगळ्यात वर हस्तीमलशेटचं नाव घालून. ते कळलं त्या दिवशी संध्याकाळी मी आनंदानं अप्पांकडं गेलो. दिवेलागण झाली तरी त्यांनी दिवा लावला नव्हता. ओट्यावर नुसते बसून होते. सखूबाईनं सांगितलं, दोन दिवस झाले, चूल पेटलेली दिसली नाही.

"अप्पा, ऐकलंत ना? झालं तुमच्या मनासारखं."

"हो," ते म्हणाले. "बरं झालं."

"मग असे का बसलात?"

"हस्तीमलशेट सकाळी येऊन गेले," ते म्हणाले. "मिठाई देऊन गेले. पाया पडत होते माझ्या. मला वाटलं होतं, एक थोबाडीत तरी देतील." मग पत्नीबद्दल बोलले. वर्षभराच्या शेजारात त्यांनी तिचं नाव माझ्यापुढं कधी काढलं नव्हतं. "ती असती ना मास्तर, तर माझं काही खरं नव्हतं. ताट वाढलं नसतं तिनं. तासभर बोलली असती. भाजीत मीठ कमी पडलं म्हटलं तरी ती मला तासभर बोलायची." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. माझ्याशी ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलायचे. आता म्हणाले, "माले कोनी रागे भरनंच नही."

मी तेव्हा तिशीतला, ते माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी मी ओट्यावरून खाली उतरलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि वर्गात करतो तसा आवाज चढवला.

"काय केलंत अप्पा तुम्ही हे? मरणाच्या दारातली म्हातारी दोन दिवस वाट बघत राहिली, आणि तुम्ही लढाई ऐकत बसलात? पाचशे पावलं होती हो! पाचशे पावलं चालवेना तुम्हाला? दोन घरं एकवीस वर्षं जळत राहिली तुमच्यापायी. जराशी तरी लाज वाटायला हवी होती!"

माझा आवाज फाटला. कडेवर मुलगी घेतलेली माझी बायको घाबरून दारात आली. सखूबाईही आली. अप्पा खाली मान घालून एकेक शब्द ऐकत होते. मी दम लागून थांबलो.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"आणखी काही नाही. हात धुवा आणि जेवायला चला. भाकरी गार होतेय."

ते उठले, रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी हात धुतले आणि मुकाट्यानं माझ्या मागोमाग आले.